ओढणे निराळे, पेलणे निराळे

फोर्ड एफ-१५०, शेव्हरोले सिल्व्हराडो १५००, रॅम १५०० आणि टोयोटा टुंड्रा या अमेरिकेतील मोठ्या पिकअप गाड्यांची तुलना बहुधा एकाच प्रश्नावर येऊन थांबते : कोणती गाडी जास्त वजन ओढते? एफ-१५० सुमारे ६,१०० किलो, सिल्व्हराडो सुमारे ६,००० आणि टुंड्रा सुमारे ५,४०० किलो, असे अलीकडचे कमाल आकडे आहेत. पण त्याच गाडीचा चालकाकडचा दरवाजा उघडून चौकटीच्या खांबाकडे पाहिले, तर टायरमधील हवेच्या दाबाची माहिती देणारे पिवळ्या पट्ट्याचे एक लेबल दिसते. माणसे आणि सामान मिळून किती वजनापलीकडे जायचे नाही, ते त्यावर छापलेले असते, आणि चार दारांच्या, सगळ्या सोयींनी सजवलेल्या गाडीत तो आकडा पुष्कळदा ७०० किलोंच्या आसपास असतो. दोन्ही आकडे खरे आहेत. गाडी निवडताना मात्र दुसरा आधी वाचावा असे मला ठामपणे वाटते, कारण कुटुंबाच्या वापरात मर्यादा बहुतेक वेळा तिथेच आधी संपते.

याचे कारण ट्रेलरच्या रचनेत आहे. पुढे-मागे आस असलेली चार चाकी ट्रॉली आपले वजन स्वतःच पेलते. ओढणाऱ्याने फक्त ओढायचे असते. अमेरिकेतील राहुटी-ट्रेलरची, म्हणजे गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराची, चाके मात्र मध्यभागी एकत्र असतात आणि त्याचे नाक पिकअपच्या मागे जोडणीसाठी बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर टेकलेले असते. एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार या नाकावर यावा, असा तिथला नियम आहे. समजा, ट्रेलर ४,००० किलोंचा आहे आणि नाकावर १२ टक्के, म्हणजे ४८० किलो भार येतो. तो ट्रेलरचा असला तरी पेलायचा पिकअपनेच, त्यामुळे लेबलावरच्या ७०० किलोंतून तो वजा होतो. जोडणीच्या लोखंडी साहित्याचे ४० किलो धरले, तर उरतात १८० किलो, म्हणजे जेमतेम दोन माणसे आणि त्यांच्या पिशव्या. मुले मागे बसली आणि हौद्यात जनित्र चढवले की मर्यादा ओलांडली गेली. ओढण्याच्या कमाल आकड्यापासून मात्र आपण अजून २,००० किलो दूरच आहोत.

तरफेचा परिणाम याहूनही पुढे जातो. गोळा मागच्या आसापासून साधारण दीड मीटर मागे असतो, आणि दोन आसांमधले अंतर सुमारे ३.७ मीटर. या मापांनी हिशेब केला, तर ४८० किलोंच्या भाराने पुढच्या चाकांवरून जवळजवळ १९५ किलो उचलले जातात आणि मागच्या आसावर ६७५ किलोंची भर पडते. शेपूट खाली बसते, दिव्यांचा झोत वर जातो, आणि ज्या चाकांनी गाडी वळवायची त्यांचीच रस्त्यावरची पकड सैल होते. यासाठी जोडणीत दोन जाड स्प्रिंग-दांडे ताणून बसवतात. ते भाराचा काही भाग पुढच्या आसाकडे आणि ट्रेलरच्या चाकांकडे परत ढकलतात.

मग नाकावरचा भार कमीच का ठेवू नये? बैलगाडी भरणाऱ्याला याचे उत्तर ठाऊक असते. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते. उलाळ ट्रेलर वेगात असताना याहून भयंकर वागतो : त्याचा गुरुत्वमध्य चाकांच्या मागे गेल्यास वाऱ्याच्या एका झोताने सुरू झालेले डुलणे विरून न जाता दर हेलकाव्याला वाढत जाते आणि अखेर पिकअपलाही फिरवते. अशा वेळी पिकअपचा ब्रेक दाबू नये. ॲक्सलरेटरवरून पाय काढावा आणि ट्रेलरचे ब्रेक हाताच्या खटक्याने लावावेत, म्हणजे जोडणी ताणली जाऊन ट्रेलर सरळ रेषेत येतो.

आता पहिल्या, म्हणजे ओढण्याच्या आकड्याविषयी. पूर्वी प्रत्येक कंपनी तो आपल्या पद्धतीने ठरवत असे. एसएई या वाहन-अभियंत्यांच्या संस्थेच्या जे२८०७ या मानकाने समान कसोटी आणली. टोयोटाने ती २०११च्या टुंड्रासाठी सर्वांआधी स्वीकारली आणि तिला आपले आकडे खाली आणावे लागले. या कसोटीचा गाभा आहे ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा चढ : सुमारे १८ किलोमीटरांत जवळजवळ ९०० मीटर उंची, किमान ३८ अंश सेल्सिअस तापमान, एसी पूर्ण क्षमतेने चालू, आणि वेग ताशी ६४ किलोमीटरांखाली जाता कामा नये. पिकअप व ट्रेलर मिळून ८,५०० किलो धरले, तर निव्वळ उंची चढायलाच सुमारे १०० अश्वशक्ती सतत लागते. ३५० ते ४०० अश्वशक्तीच्या इंजिनाला हे जड नाही. जड जाते ती उष्णता. इंधनातील ऊर्जेचा मोठा हिस्सा उष्णतेत जातो आणि ती बाहेर टाकण्याचे काम तापलेल्या वाळवंटी हवेतच करायचे असते. म्हणून ही परीक्षा इंजिनाइतकीच रेडिएटरची आणि गिअरबॉक्सच्या तेलाची आहे.

टर्बोचे, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणाऱ्या यंत्राचे, महत्त्व कोलोरॅडोत कळते. आय-७० महामार्गावरील आयझेनहॉवर बोगदा सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांश उरतो आणि टर्बो नसलेल्या व्ही-८ची, म्हणजे आठ सिलिंडरच्या इंजिनाची, ताकद जवळपास तीस टक्क्यांनी घटते. एफ-१५०चे ३.५ लिटरचे आणि टुंड्राचे ३.४ लिटरचे व्ही-६ टर्बोमुळे ही तूट बरीचशी भरून काढतात, तसेच सिल्व्हराडोचे ३ लिटरचे डिझेलही. मागच्या आसावरचा भार झेलायला एफ-१५० आणि सिल्व्हराडोने कमानीचे पाटे ठेवले आहेत, तर रॅम आणि नवी टुंड्रा कॉइल स्प्रिंगवर चालतात. रिकाम्या गाडीत त्या मऊ लागतात, पण सतत भार वाहणाऱ्यासाठी मी पाटेच निवडेन.

चढलेली गाडी उतरवायचीही असते. त्याच ८,५०० किलोंना ९०० मीटर खाली आणताना सुमारे ७५ मेगाज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. २०० लिटरचे पिंप भरून पाणी उकळायला ती पुरेल. काही भाग हवेचा विरोध घेतो, उरलेला सगळा ब्रेकच्या तबकड्यांवर टाकला तर त्या लाल होतात आणि पेडल दाबूनही वेग उतरत नाही. म्हणून टो-हॉल मोड, म्हणजे ओझे ओढतानाची खास गिअर-व्यवस्था, लावला की गिअरबॉक्स उतारावर खालचा गिअर धरून ठेवतो आणि इंजिनच गाडीला आवरते. विजेवरच्या एफ-१५० लाइटनिंगला उतारावर हीच ऊर्जा बॅटरीत परत भरता येते. सपाट महामार्गावर मात्र उंच ट्रेलरच्या हवेच्या विरोधापुढे तिचा पल्ला निम्म्यावर येतो, आणि तिच्या मोठ्या, १३१ किलोवॅट-तासांच्या बॅटरीत मुळात साधारण १३ लिटर डिझेलइतकीच ऊर्जा मावते.