गोंदाचा पांढरेपणा जातो कुठे?

दिवाळी जवळ आली की मोबाइलवर एक रील हमखास फिरू लागतं. चार इंची पांढरी टाइल, घरच्यांचा फोटो, वरून फेविकॉलसारख्या पांढऱ्या गोंदाचा हात, आणि ‘पाच मिनिटांत आयुष्यभर टिकणारी भेटवस्तू’ तयार! करून बघायला काहीच हरकत नाही, खर्चही किरकोळ. फक्त त्यातली पाच मिनिटंही खोटी आणि आयुष्यभरही खोटं.

कृती थोडक्यात सांगतो. टाइल स्पिरिटने पुसायची, म्हणजे तेलकट बोटांचे ठसे जातात. तिची चकाकी हा भाजलेल्या काचेचा थर असतो, त्यावर गोंदाला पकड मिळत नाही. म्हणून बारीक पॉलिश पेपर हलकेच फिरवायचा. मग फोटोचा कागद सरळ चिकटवून वरून गोंदाचा हात द्यायचा. दुसरी रीत म्हणजे आरशातल्यासारखी उलटी प्रिंट गोंदावर पालथी घालायची, पूर्ण सुकू द्यायची, आणि मग कागद ओला करून बोटाने चोळून काढायचा. चित्र तेवढं टाइलवर राहतं. त्यासाठी प्रिंट लेझरचीच हवी, झेरॉक्सवाल्याला तसं सांगा. लेझरची शाई म्हणजे कागदावर वितळवून बसवलेली प्लास्टिकची रंगीत भुकटी, तिला पाण्याची भीती नाही. घरगुती इंकजेटची शाई मात्र बहुधा पाण्यात विरघळलेला रंग असते. गोंदात पाणी असतंच, त्यामुळे आजोबांची मिशी गालावर पसरते.

आता माझ्या आवडीचा भाग. पांढरा गोंद सुकला की पारदर्शक होतो. पण तो मुळात पांढरा का? त्यात पांढरा रंग घातलेला नसतो. पॉलिव्हिनाइल ॲसिटेट या बहुवारिकाचे (पॉलिमरचे, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाचे) अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात, इतकंच. पाण्याचा अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो त्याचं माप) १.३३, या बहुवारिकाचा सुमारे १.४७. प्रकाशकिरण एकातून दुसऱ्यात शिरताना दर सीमेवर वळतो, थोडा परततो. अशा कोट्यवधी सीमा लागल्या की प्रकाश सगळीकडे विखुरतो. थेंबांचा आकार प्रकाशाच्या तरंगलांबीच्या आसपासचा किंवा थोडा मोठा असल्याने सगळेच रंग जवळपास सारखे विखुरतात, आणि आपल्याला पांढरं दिसतं. दुधाचा पांढरेपणाही याच जातीचा.

पाणी उडू लागलं की थेंब जवळ येतात. त्यांच्या फटींत उरलेल्या पाण्याचा पृष्ठताण त्यांना जबर दाबतो, गोल थेंब चेपतात, आणि शेवटी एका थेंबातल्या बहुवारिकाच्या साखळ्या शेजारच्या थेंबात सरकून गुंततात. पाणी जास्त झालेल्या खिचडीत साबुदाण्याचे दाणे दाणे राहत नाहीत, तसंच. सीमाच उरल्या नाहीत की प्रकाश सरळ पार जातो. या सगळ्याला वेळ लागतो. घाईने जाड थर दिला तर वर साय धरते, खालचं पाणी अडकतं आणि फोटोवर दुधाळ डाग राहतात. पावसाळ्यात तर बघायलाच नको. दोन पातळ हात, मध्ये रात्र जाऊ द्या.

कागद चोळून काढण्याच्या रीतीत एक गंमत अनेकांना चक्रावते. ओलं असताना चित्र झक्क दिसतं, सुकलं की त्यावर धुरकट पापुद्रा उमटतो, पुन्हा ओलं केलं की गायब! इथेही गणित अपवर्तनांकाचंच. चित्रावर कागदाचे काही तंतू उरलेले असतात. हे तंतू सेल्युलोजचे, त्याचा अपवर्तनांक १.५ च्या आसपास. तंतूंमधल्या फटींत पाणी असतं तेव्हा फरक थोडा, म्हणून ते जवळपास दिसत नाहीत. पाणी गेलं की तिथे हवा येते, तिचा अपवर्तनांक १.००, फरक वाढला, प्रकाश विखुरणं वाढलं. उपाय दोन: तंतू आणखी हलक्या हाताने काढा, किंवा वरून पारदर्शक वॉर्निश देऊन त्या फटीच भरून टाका.

आणि टिकाऊपणा? या गोंदाचं काचसंक्रमण तापमान सुमारे ३० अंश सेल्सियस. म्हणजे त्याखाली साखळ्या जखडलेल्या, त्यावर त्या हलू लागतात आणि पदार्थ मऊ पडतो. ही टाइल कोस्टर म्हणून कपाखाली ठेवली, तर चहाच्या कपाचा तळ त्याहून सहज गरम असतो, म्हणून कपाबरोबर फोटोही वर उचलला जातो. थंड ग्लासाखाली जमलेलं पाणी थरात शिरलं की पुन्हा सीमा तयार, पुन्हा पांढरा डाग.

जिन्याच्या कोपऱ्यात पिचकाऱ्या थांबाव्यात म्हणून लावलेल्या चांगल्या प्रतीच्या देवांच्या टाइल वर्षानुवर्षं धुऊनही फिकट होत नाहीत. तो महिमा देवाचा नाही, भट्टीचा आहे. त्यांचे रंग धातूंच्या ऑक्साइडचे असतात आणि शेकडो अंशांच्या आचेत चकाकीत मुरलेले असतात. आपल्या प्रिंटचा सेंद्रिय रंग तिथे जळून जाईल. पणजीच्या मेनेझिस ब्रागांझा संस्थेतल्या टाइलचित्रांची निळाई अजून तशीच आहे, तीही भाजलेल्या रंगाचीच करामत. ‘सकारात्मक ऊर्जा देणारी’ वास्तू टाइलही बाजारात मिळते. तिच्यात आणि साध्या टाइलमध्ये फरक फक्त किमतीचा.

घरी भट्टी नसेल तर एपॉक्सी रेझिनचा थर द्या. त्याच्या दोन बाटल्यांतले द्रव एकत्र आले की साखळ्या एकमेकींना रासायनिक बंधांनी बांधल्या जातात, त्यामुळे पाण्याने तो थर पांढरा पडत नाही. प्रमाण मात्र बाटलीवर लिहिलंय तेवढंच घ्या. अंदाजे ओतलं तर काही साखळ्या बिनजोडीच्या राहतात आणि थर कायम चिकट राहतो. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा. हे साधं हौशी रेझिनही बहुतेक वेळा ५०-६० अंशांच्या पुढे मऊ पडतं, तेव्हा कोस्टर म्हणून भेट देताना सांगून ठेवा: सरबताचा ग्लास चालेल, चहाचा कप नको.