शेळीचं दूध दिलं तरी बाळ ओकतंच, ते का?

दूध पिऊन झालं, ढेकर आली आणि ढेकरेबरोबर फाटलेल्या दुधाची गुळणी खांद्यावर पडली, तर तो आजार नव्हे. अन्ननलिका जठराला मिळते तिथला गोल स्नायू पहिले काही महिने मध्येच सैल पडतो. त्यात आहार सगळा पातळ आणि बाळ दिवसभर आडवं, म्हणून दूध वर येतं. साधारण चौथ्या महिन्यात हे सर्वांत जास्त दिसतं आणि वर्षाच्या आत बहुतेक बाळांचं आपोआप थांबतं. गुळणी किती आली याचा अंदाज मात्र घरोघरी चुकतो. दुपट्यावर चहाचे तीन चमचे, म्हणजे १५ मिली दूध ओतून बघा. केवढा मोठा डाग पडतो! ‘पिलेलं सगळं टाकलं’ असं आपण म्हणतो, ते बहुधा एवढंच असतं.

खरा निवाडा वजनकाट्यावर होतो. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचं वजन रोज सरासरी २५ ते ३० ग्रॅम वाढायला हवं. अंगणवाडीत नियमित वजन करून कार्डावर नोंदवून घ्या. दिवसभरात सहा-सात लंगोट ओले होत असतील, बाळ हसत-खेळत असेल, तर औषधाची गरज नाही. आम्लाची औषधं गुळणी थांबवत नाहीत, फक्त तिचा आंबटपणा कमी करतात. तरीही ती सर्रास लिहून दिली जातात.

दूध पाजल्यावर बाळाला २० ते ३० मिनिटं खांद्यावर उभं धरा. मालिश, पायावर घेऊन आंघोळ आणि शेक हे सगळं पाजण्याआधी उरका. भरल्या पोटावर दाब आला की दूध वर आलंच. डब्याचं दूध चालू असेल तर २४ तासांत वजनाच्या दर किलोला साधारण १५० मिली पुरतं. ५ किलोच्या बाळाला दिवसाला ७५० मिली, आठ वेळा विभागून. ‘अजून घोटभर’ म्हणत पाजलेलंच बहुतेक वेळा बाहेर येतं. झोपवायचं ते सपाट जागी, पाठीवर, उशीशिवाय. गुटी नको. वर्षाच्या आत मध तर अजिबातच नको, त्यातून बॉट्युलिझमचा, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेचा धोका असतो.

गुळणीबरोबर शौचात रक्ताचे धागे किंवा शेंब, हटवादी इसब, पाजताना अंग ताठ करून रडणं, वजन अडणं अशी लक्षणं दिसली, तर दुधाच्या ॲलर्जीची शंका घ्यावी. इथे दोष दुधातल्या साखरेचा नसतो, केसिन आणि बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन या प्रथिनांचा असतो. म्हणूनच जनावर बदलून उपयोग होत नाही. गाईचं सोसेना म्हणून म्हशीचं, तेही नाही तर उस्मानाबादी शेळीचं, हा क्रम आपल्याकडे ठरलेला. पण या तिघींची प्रथिनं इतकी सारखी आहेत की गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेली बहुतेक बाळं शेळीच्या दुधालाही तशीच प्रतिक्रिया देतात. देवणी किंवा लाल कंधारी या देशी गाईंचं ‘ए-टू’ दूधही याला अपवाद नाही. फरक एका प्रथिनातल्या एका अमिनो आम्लाचा, बाकी सगळं तेच. तसंही वर्षाच्या आत कुठल्याच जनावराचं वरचं दूध मुख्य आहार म्हणून देऊ नये.

अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध तोडू नका. आईच्या आहारातलं दूध तोडा, दोन ते चार आठवडे, पण पूर्ण. चहातलं दूध, दही, ताक, पनीर, खवा, पेढे, लोणी सगळं बंद. तुपातही प्रथिनाचा अंश राहतो, म्हणून बाळंतिणीचे डिंकाचे लाडू या काळात तेलात करा. बिस्किटाच्या पुड्यावर ‘मिल्क सॉलिड्स’, ‘व्हे’, ‘केसिन’ असं छापलंय का ते वाचा. पथ्य बहुतेकदा इथेच मोडतं. कॅल्शियमसाठी नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला खा आणि डॉक्टरांना विचारून गोळी घ्या. डब्याचं दूध असेल तर प्रथिनं बारीक तोडलेलं खास फॉर्म्युला लागतं. ते महाग आणि चवीला कडवट असतं, पण पर्याय मोजकेच.

बरं वाटलं म्हणून तिथेच थांबू नका. दूध पुन्हा सुरू करून लक्षणं परततात का, हे बघितल्याशिवाय निदान पक्कं होत नाही. नाहीतर आई वर्षभर विनाकारण पथ्य पाळते. आईने आधी थोडं दही खावं, मग रोज वाढवत आठवडाभर. ही ॲलर्जी उशिरा, कधी दोन-तीन दिवसांनीही उमटते. मात्र दूध पोटात जाताच दोन तासांच्या आत अंगावर गांधी, ओठांना सूज किंवा धाप असं कधी झालं असेल, तर ही चाचणी घरी करायची नाही. ती दवाखान्यातच होते.

हिरवी उलटी, रक्ताची उलटी, दुसऱ्या ते आठव्या आठवड्यात पिचकारीसारखी लांब उडणारी उलटी, फुगलेली टाळू, सुस्ती, किंवा उन्हाळ्यात आठ तास कोरडा लंगोट, यांपैकी काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.