ऑनलाइन लिलावात पैसे बुडाले? तक्रार कोण करू शकतो, कुठे करायची, कोणते कागद लागतात

पैसे आत्ताच गेले असतील तर हे वाचत बसू नका. आधी १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन लावा, बाकीचं नंतर वाचा.

आपल्याकडे कापसाचा चुकारा हाती आला की घरात जुन्या ट्रॅक्टरचा विषय निघतोच. तेवढ्यात व्हॉट्सॲपवर जाहिरात येते: फायनान्सवाल्यांनी ओढलेला ट्रॅक्टर, ऑनलाइन लिलाव, अनामत भरली की बोली पक्की. कास्तकार वीस-पंचवीस हजार पाठवतो. मग 'जीएसटी भरा', 'वाहतुकीचे द्या' सुरू होतं आणि शेवटी फोन बंद. पुष्कळ जण लाजेपायी दोन-चार दिवस घरातही सांगत नाहीत, आणि खरं नुकसान त्या दिवसांत होतं.

ठगाच्या खात्यात आलेली रक्कम तिथे फार वेळ राहत नाही. ती लगेच दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जाते किंवा एटीएममधून काढली जाते. १९३० वर तक्रार नोंदली की संबंधित बँकांना सूचना जाते आणि खात्यात जेवढी रक्कम उरली असेल तेवढी रोखता येते. म्हणून तालुक्याची एसटी पकडून पोलीस ठाण्यात जाण्याआधी हा फोन करा. फोनवर पोच क्रमांक मिळतो, तो वहीत लिहून ठेवा. मग त्याच दिवशी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर आर्थिक फसवणुकीच्या भागात उरलेली माहिती भरा. तक्रारीला शुल्क नाही. सेतू केंद्रातून भरणार असाल तर शेजारी बसून भरून घ्या, मोबाइल त्यांच्या हाती सोडून येऊ नका.

तक्रार कोणीही करू शकतो. वडिलांचे पैसे गेले आणि त्यांना मोबाइल जमत नसेल, तर मुलानं किंवा सुनेनं फोन केला तरी चालतं. फक्त खात्याचं पासबुक आणि ज्या मोबाइलवरून पैसे गेले तो मोबाइल जवळ असू द्या.

कागदांत सर्वांत मोलाचा आहे व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयच्या ॲपमध्ये जुने व्यवहार उघडा आणि त्या रकमेवर बोट ठेवा. खाली १२ आकडी यूटीआर क्रमांक दिसतो, वर पैसे घेणाऱ्याचं नाव आणि यूपीआय आयडी. तारीख, वेळ, रक्कम आणि हे सगळं एकाच स्क्रीनशॉटमध्ये यायला हवं. तीन हप्त्यांत पैसे दिले असतील तर तीन स्क्रीनशॉट घ्या. सोबत पासबुकाची नोंद किंवा खात्याचा उतारा, आधार, जाहिरातीचा फोटो, समोरच्याचा नंबर आणि संपूर्ण चॅट ठेवा. रागाच्या भरात चॅट पुसून टाकू नका, तोच पुरावा आहे. काय घडलं ते तारखेवार एका कागदावर लिहा.

गुन्हा कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो. 'हे आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर चालत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याच्या, कलम १७३ मध्ये ही सोय आहे आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. ठाणेदारांनी नोंद घेतली नाही तर जिल्हा पोलीस अधीक्षकांना टपालानं लेखी अर्ज पाठवा. त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

बँकेतही लेखी अर्ज द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. इथे एक फरक समजून घ्या. तुमच्या संमतीशिवाय, तुमची चूक नसताना खात्यातून पैसे काढले गेले आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत बँकेला कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार संरक्षण मिळतं. स्वतः पिन टाकून पैसे पाठवले असतील तर बँकेकडून भरपाईची आशा फार कमी. तेव्हा सगळी मदार रोखलेल्या रकमेवर असते. ती सोडवण्यासाठी न्यायालयाचा आदेश लागू शकतो, त्यामुळे एफआयआरची प्रत आणि पोच क्रमांक जपून ठेवा.

आता खरा लिलाव कसा ओळखायचा ते पाहू. सरकारी बँकांच्या मालमत्तांचे लिलाव 'बँकनेट' पोर्टलवर होतात, सरकारी भंगार आणि जुन्या गाड्यांचे बरेच लिलाव एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या पोर्टलवर. अनामत बँकेच्या किंवा पोर्टलच्या खात्यात जाते, कुण्या माणसाच्या यूपीआयवर कधीच नाही. बँकेनं सरफेसी कायद्याखाली (थकीत कर्जापायी तारण मालमत्ता विकण्याचा कायदा) शेतजमीन लिलावात काढली आहे, असं कोणी सांगितलं तर तिथेच सावध व्हा. त्या कायद्याच्या कलम ३१ नं शेतजमीन त्यातून वगळलेली आहे.

ट्रॅक्टरचा फोटो नीट पाहा. नंबरप्लेट झाकलेली किंवा पुसट केलेली असेल तर पूर्ण नंबर मागा आणि सरकारच्या एम-परिवहन ॲपवर टाकून मॉडेल जुळतं का ते बघा. मग स्वतः जाऊन गाडी आणि कर्ज देणाऱ्या कंपनीची शाखा, दोन्ही पाहून या. 'गाडी लांबच्या गोदामात आहे, आधी पैसे टाका' म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. सरकारनं किंवा सरकारच्या वतीनं केलेल्या जाहीर लिलावातली गाडी नावावर करायला आरटीओत फॉर्म ३२ लागतो आणि तो गाडीचा ताबा घेतल्यापासून ३० दिवसांत द्यावा लागतो. लिलाव करणाऱ्याला बोलीआधीच विचारा की विक्रीचा दाखला कोण देणार आणि कधी.

तक्रार केल्यावर 'तुमचे पैसे सुटले, फक्त प्रक्रिया शुल्क भरा' असा फोन आला तर तोही ठगाचाच समजा. पोलीस किंवा १९३० वाले पैसे परत देण्यासाठी पैसे मागत नाहीत. तो नंबरही त्याच तक्रारीत जोडायला सांगा.