पायथनमधे सॉर्ट आणि फिल्टर असे विचित्र का वागतात, थोडी पार्श्वभूमी

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा नवीन शिकणारी पोरं लिस्टच्या धड्यात हमखास दोन ठिकाणी अडकतात. गाळायला फिल्टर आहे, पण चौकोनी कंसात फॉर आणि इफ लिहूनही तेच होतं, मग वापरायचं कुठलं? आणि सॉर्ट केलेली लिस्ट परत त्याच व्हेरिएबलमधे ठेवली की हातात येतं नन (None, म्हणजे "काहीच नाही"), सगळा डेटा गायब. शिकवणारे बहुतेक वेळा "असंच असतं" म्हणून पुढे सरकतात, पण ह्या प्रत्येक गोष्टीमागे कुणीतरी कधीतरी घेतलेला निर्णय आहे.

फिल्टर मूळचं पायथनचं नाहीच, ते लिस्प ह्या जुन्या भाषेच्या वळणाचं. 1994 च्या जानेवारीत पायथन 1.0 आलं त्यात लॅम्डा, मॅप, फिल्टर, रिड्यूस असे लिस्पच्या धाटणीचे चार प्रकार होते, आणि पायथनचे कर्ते खिदो व्हॅन रॉसम यांनीच नंतर लिहिलंय की लिस्पवाल्या एकाला ह्यांची उणीव भासत होती, त्याने चालू पॅच (कोडमधल्या तयार दुरुस्त्या) पाठवले म्हणून ते आत आले. फॉर-इफ वाली कंसातली रीत दुसऱ्या घराण्यातली. गणितात संच लिहितात तशी ती, साठच्या दशकाच्या शेवटी न्यूयॉर्क विद्यापीठात सेटल भाषेत होती, पुढे मिरांडा, हॅस्केल ह्या भाषांतून ऑक्टोबर 2000 मधे पायथन 2.0 मधे आली. 2005 मधे खिदोंनी जाहीर केलं की पुढच्या मोठ्या आवृत्तीत लॅम्डा, मॅप, फिल्टर, रिड्यूस सगळे काढू, त्यावर बरीच ओरड झाली आणि शेवटी घराबाहेर गेलं ते एकटं रिड्यूस, तेही फंकटूल्स नावाच्या पायथनसोबतच येणाऱ्या मोड्यूलमधे. फिल्टर राहिलं, पण 2008 च्या पायथन 3 पासून ते तयार लिस्ट देत नाही, मागाल तशी एकेक वस्तू काढून देतं, म्हणून प्रिंट केलं की भलतंच काहीतरी दिसतं. माझं मत विचाराल तर नवशिक्याला आधी कंसवालीच शिकवावी.

सॉर्टचं नन मुद्दाम ठेवलेलं आहे. सॉर्ट मूळ लिस्टच बदलतं, हे विसरायला होऊ नये म्हणून ते काहीच परत देत नाही. नवी लिस्ट देणारं सॉर्टेड आलं नोव्हेंबर 2004 मधे, 2.4 सोबत, आणि त्याच वेळी "की" (key, म्हणजे कशावरून क्रम लावायचा ते सांगणारं फंक्शन) पण आलं. त्याआधी दोन वस्तूंची तुलना करणारं फंक्शन लिहावं लागायचं, प्रत्येक तुलनेला त्याला हाक मारली जायची, लिस्ट मोठी असली की बसा वाट बघत.

आणि आतलं यंत्र? ते टिम पीटर्स यांनी 2002 मधे लिहिलेलं टिमसॉर्ट. खऱ्या डेटात आधीच लागलेले तुकडे असतात, ते शोधायचे आणि जोडायचे, ही त्यातली मुख्य चलाखी. शिवाय ते स्टेबल आहे, म्हणजे आधी नावाने लावा, मग मार्कांनी लावा, सारखे मार्क असलेले नावाच्या क्रमातच राहतात. पंचकार्डच्या (भोकं पाडून माहिती साठवलेल्या कार्डांच्या) जमान्यात सॉर्टर मशीनवर लोक हेच करायचे, शेवटच्या अंकाच्या कॉलमपासून सुरू करून एकेक कॉलम मागे यायचे. टिमसॉर्ट 2011 मधे जावा ह्या दुसऱ्या भाषेच्या 7 व्या आवृत्तीने पण उचललं, आणि 2015 मधे काही संशोधक ते बरोबर आहे हे गणिताने सिद्ध करायला गेले तर त्यात चूकच सापडली!

आपल्याकडे एक वेगळी भानगड आहे. कळस, कहर, कवठ, कसर ही लिस्ट सॉर्ट करा, कळस सगळ्यात आधी येतो. पायथन अक्षरांचे युनिकोड नंबर (जगभरच्या अक्षरांना संगणकासाठी दिलेले क्रमांक) बघतं, आणि देवनागरीचा तो क्रम 1988 च्या इस्की ह्या भारतीय लिप्यांसाठीच्या आराखड्यावरून घेतलाय, त्यात ळ आहे ल च्या लगेच नंतर, म्हणजे व, स, ह च्या आधी. आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर, म्हणजे कळस शेवटी हवा. मराठी यादी नीट लावायची तर वर्णमालेचा क्रम स्वतः लिहून "की" ला द्यावा लागतो किंवा मराठीचे नियम माहीत असलेली लायब्ररी घ्यावी लागते.