पंधराव्या वर्षी मेंदू धोका कसा मोजतो?

९ सप्टेंबर १९४२. 'चले जाव'च्या ठरावाला महिना झाला होता, मोठे नेते तुरुंगात होते. तेव्हाच्या पश्चिम खानदेशातल्या नंदुरबारमध्ये तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीत शिरीषकुमार मेहता पुढे होता. पंधरा पूर्ण, सोळावं चालू. पोलिसांनी मुलींवर बंदुका रोखल्या तेव्हा तो आडवा आला, असं गावात आजही सांगतात. गोळीबारात तो गेला. लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हेही गेले.

एवढ्या कोवळ्या वयात हे धाडस येतं कुठून? हल्ली यावर एक ठरलेलं उत्तर मिळतं: सारासार विचार करणारा मेंदूचा पुढचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, विशी ओलांडली तरी घडतच असतो, म्हणजे पोरांना धोका कळतच नाही. यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे. दुसरं मला पटत नाही.

२०१२ साली अमेरिकेत १२ ते १७ वर्षांची मुलं आणि तिशी-चाळिशीतली माणसं यांना पैशांच्या सोडती खेळायला दिल्या. जिंकण्या-हरण्याची शक्यता आधीच उघड सांगितली, तेव्हा मुलं मोठ्यांपेक्षाही जपून खेळली. शक्यता झाकून ठेवली, की मात्र तीच मुलं मोठ्यांपेक्षा बिनधास्त झाली. म्हणजे समोर दिसणाऱ्या धोक्याला ती भितात. पुढे काय होईल हेच ठाऊक नसेल, तर मोठ्यांइतकी अडखळत नाहीत. आणि मिरवणुकीत पुढच्या चौकात काय वाढून ठेवलंय, हे कोणाला ठाऊक असतं?

शिवाय सोबती. गाडी चालवण्याच्या संगणकी खेळात मित्र बघत असले की किशोरवयीन मुलं जास्त धोका पत्करतात, मोठ्यांवर तसा परिणाम दिसत नाही. अशा वेळी मुलांच्या मेंदूतला व्हेंट्रल स्ट्रायटम, म्हणजे बक्षिसाची चाहूल लागताच जागा होणारा भाग, अधिक सक्रिय होतो. जर्मनांनी व्यापलेल्या डेन्मार्कमध्ये ऑलबोर्ग शहरातल्या शाळकरी मुलांनी टोळी करूनच जर्मन गाड्यांची नासधूस केली, शस्त्रं पळवली. ती पकडली गेली तीही १९४२मध्येच, मे महिन्यात.

अर्थात सोडतीत हरलं तर चार पैसे जातात. बंदुकीपुढे मेंदू काय करतो, हे कुठल्याही प्रयोगशाळेला तपासता यायचं नाही, येऊही नये. पण एक निष्कर्ष मला महत्त्वाचा वाटतो. हाच स्ट्रायटम दुसऱ्यासाठी पदरमोड करतानाही जागा होतो. घरच्यांसाठी पैसे सोडताना ज्या मुलांचा तो जास्त सक्रिय झाला, त्यांचं बेफिकीर वागणं पुढच्या काळात कमी झालेलं आढळलं.