स्वित्झर्लंडला खरंच सैन्य नाही का?

वर्षानुवर्षं फिरणारा संदेश असा: 'स्वित्झर्लंड तटस्थ आहे, त्याला सैन्यच नाही, म्हणून कुणी त्याच्या वाटेला जात नाही.' शांततेची ओढ असलेल्या कुणालाही हे पटेल. वस्तुस्थिती मात्र वेगळी आहे.

त्या देशाच्या राज्यघटनेच्या कलम ५८ मध्येच सैन्याची तरतूद आहे आणि कलम ५९ नुसार पुरुषांना लष्करी सेवा बंधनकारक आहे. राज्यघटनेचा इंग्रजी अनुवाद सरकारी संकेतस्थळावर कुणालाही वाचता येतो. सैन्य बरखास्त करण्याचा प्रस्ताव १९८९ मध्ये सार्वमताला आला, तेव्हा सुमारे ६४ टक्के मतदारांनी तो नाकारला.

मग नुसती तटस्थता पुरते का? बेल्जियमकडे पाहा. १८३९ च्या करारात प्रशियासह (पुढे ज्याच्या नेतृत्वाखाली जर्मनी एक झाला ते राज्य) बड्या सत्तांनी त्याच्या तटस्थतेची हमी दिली होती. तरी ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन फौजा आत शिरल्या, कारण फ्रान्सकडे जाण्याची सोयीची वाट तिथून होती. १९४० मध्ये नॉर्वे, डेन्मार्क आणि नेदरलँड्स यांचंही तेच झालं.

त्या दुसऱ्या महायुद्धात स्वित्झर्लंड वाचला, त्याचं एकच कारण सांगता येत नाही. आल्प्सचे डोंगर होते, लाखो सैनिक तैनात होते, जर्मनी-इटली मालवाहतुकीचे बोगदे त्याच्या ताब्यात होते. शिवाय जर्मनीशी व्यापार चालू होता, सोन्याचासुद्धा. ही बाजू अप्रिय आहे, पण ती वगळून चित्र पुरं होत नाही.

आणि युद्धाचे नियम ठरवणाऱ्या १९०७ च्या हेग करारानुसार लढणाऱ्या देशांना आपली भूमी वापरू न देणं हे तटस्थ देशाचं कर्तव्यच आहे. ते पाळायला बळ लागतं.