घरात बियांपासून वाढवलेली लिंबूवर्गीय झाडे

कागदी लिंबू, संत्रे, मोसंबी, पपनस यांची बी कुंडीत सहज रुजते. मात्र सुकू दिल्यास तिची उगवणशक्ती लवकर जाते, म्हणून फळातून काढताच लावावी. खरा प्रश्न नंतरचा आहे : गॅलरीतले असे झाड फळते केव्हा?

बियांपासून आलेल्या प्रत्येक रोपाला बाल्यावस्था असते. त्या काळात ते सरळ उंच वाढते, अंगावर लांब काटे धरते आणि कितीही खत घातले तरी फुलत नाही. जमिनीत, भरपूर उन्हात कागदी लिंबू साधारण ३ ते ५ वर्षांत फळते. संत्र्याला ५ ते ८ वर्षे लागतात, पपनसाला त्याहूनही जास्त. कुंडीत हा काळ लांबतो. म्हणून घरासाठी बी लावायचीच असेल तर कागदी लिंबाची लावावी. महाराष्ट्रातल्या लिंबाच्या बागाही बहुधा बियांच्या रोपांवरच उभ्या राहतात.

झाड वयात येते ते निव्वळ वर्षे सरल्याने नव्हे, तर मुळापासून शेंड्यापर्यंत पुरेशी पेरे तयार झाल्यावर. पहिली फुले येतात ती वरच्या फांद्यांवर. खालचा भाग काटेरी, बालच राहतो. झाड आटोपशीर दिसावे म्हणून दरवर्षी शेंडा छाटणे ही घरातली सर्वांत मोठी चूक, कारण तेवढी वाटचाल पुन्हा करावी लागते. छाटायचेच तर आतले वाळके, आडवे फुटवे छाटावेत.

दुसरी अडचण उन्हाची. दिवसाला किमान ६ तास थेट ऊन हवे. दक्षिणेच्या खिडकीत हिवाळ्यात ऊन खोलवर येते, पण उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर गेला की तेच ऊन आटते. तेव्हा कुंडी गच्चीवर हलवणे उत्तम.

बागायतदार पाणी तोडून ताण देतात आणि आंबिया, मृग किंवा हस्त बहार (त्या-त्या हंगामातला फुलोरा) धरतात. कुंडीतल्या झाडालाही हलका ताण चालतो, पण ते वयात आलेले असले तरच. लहान रोपाची त्याने नुसती पाने गळतात. फुलोरा आल्यावर बहुतेक फुले आणि बारीक फळे झडतात, हे स्वाभाविक आहे. खोलीत मधमाश्या येत नसल्याने मऊ कुंचल्याने फुलाफुलांवर पराग फिरवावा.

फळ मूळ झाडासारखेच येईल का, हे जातीवर अवलंबून असते. कागदी लिंबू आणि नागपुरी संत्र्याच्या एका बीतून अनेकदा दोन-तीन रोपे निघतात. त्यांतली बहुतेक आईच्याच पेशींपासून बनलेली, हुबेहूब तिच्यासारखी असतात. पपनस व महाळुंग यांच्या बीत मात्र एकच, संकरातून आलेला गर्भ असतो, त्यामुळे त्यांचे फळ वेगळे निघू शकते.

वाट पाहणे नको असेल तर रोपावर फळत्या झाडाचा डोळा (फांदीवरचा अंकुर) बांधावा. विदर्भात संत्र्याची कलमे जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर (मुळांसह खालच्या रोपावर) अशीच होतात. डोळा फळत्या फांदीवरचाच हवा. लहान रोपाचा डोळा दुसऱ्या खुंटावर बांधला तरी तो बालच राहतो.